सिनेमातली बायको झोपलेली असते

भाईंदर पश्चिम
२८ जानेवारी २०२५

नीरजच्या बाबांना,
नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. तुमच्याशी फोनवर बोलणार नाही असं मी सहा वर्षांपूर्वी ठरवलं आणि पाळलं. पत्र लिहिणार नाही असं काही मी म्हटलं नव्हतं.

परवा सव्वीस जानेवारीला सोसायटीत झेंडावंदन झालं, दुपारी सत्यनारायण झाला आणि संध्याकाळी कमिटीने पार्किंगमध्ये पडदा बांधून जुना सिनेमा दाखवला. कुठला, ओळखा. तोच. तुमचा. तुमच्या त्या थोर चित्रकाराच्या आयुष्याचा. त्याचं नाव मी अजून घेत नाही.

आपलं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मला पहिली गोष्ट सांगितलीत ती या सिनेमाची. शाळेत असताना पाहिलात आणि चित्रकारच व्हायचं ठरवलंत. पुढे कुठेही लागला की एकटेच जायचात. "तुला कंटाळा येईल" म्हणायचात. इतकी वर्षं ही सवत माझ्या घरात नांदली आणि मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. परवा पाहिलं, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, प्रसादाचा शिरा खात.

सिनेमा चांगला आहे, खोटं कशाला बोलू? तो पहिल्यांदा निळा रंग कालवतो आणि मग वर आभाळाकडे बघतो, तिथे मलाही भरून आलं. पण त्याची बायको! अख्ख्या सिनेमात चार वेळा येते. एकदा दिवा घेऊन, एकदा ताट घेऊन, एकदा रडत आणि शेवटी झोपलेली. तो पहाटे उठतो, रंगांची पेटी काखोटीला मारतो, तिच्या उशाशी चिठ्ठी ठेवतो आणि दार ओढून घेतो. सनई वाजते. मध्यंतर! मध्यंतरानंतर तो मोठा होतो, परदेशात जातो, हार घालून घेतो. बाई परत दिसतच नाही. मी शेजारच्या मुलीला विचारलं, "हिचं पुढे काय झालं गं?" तर म्हणाली, "काकू, ती काय हिरोइन नाहीये."

चिठ्ठीत काय लिहिलंय तेही पडद्यावर दाखवतात. "मला माझा रंग शोधायचा आहे." मी शिऱ्याची वाटी खाली ठेवली. तुम्ही शाळेतून ड्रॉइंग मास्तर म्हणून निवृत्त झालात आणि दुसऱ्याच आठवड्यात पहाटे माझ्या उशाशी हेच वाक्य ठेवून आंबोलीच्या डोंगरात निघून गेलात. सहा वर्षं मी समजत होते, नवरा गेला तो गेला, निदान वाक्य तरी त्याचं स्वतःचं होतं. तेही उसनं निघालं.

असो. चिडायला पत्र लिहिलेलं नाही. नीरज माझ्या शेजारी बसला होता. तुम्हाला माहीत नसेल, तो वर्षभर चित्रं काढतोय. मालाडच्या ऑफिसातून येतो, जेवतो आणि गॅलरीत बसतो. सिनेमा संपला, लोक खुर्च्या एकात एक घालायला लागले तरी हा पांढऱ्या पडद्याकडे बघत बसला होता. ती नजर मी ओळखते, जन्मभर तिच्यासमोर बसून जेवले आहे. त्याचं लग्न होऊन दोन वर्षं झालीत. इशिता गुणी मुलगी आहे. माझं झालं ते तिचं होऊ नये, एवढंच मला पाहिजे. दुसरं काही मागणं नाही.

तुम्ही फोन केलात तर तो उचलतो. त्याच्याशी बोला.

नीरजची आई

९ फेब्रुवारी

नीरजच्या बाबांना,

गेला.

खाण तशी माती. काल पहाटे गेला. इशिताच्या उशाशी चिठ्ठी, आणि चिठ्ठीत तेच वाक्य. तिसऱ्यांदा वापरलं. वाक्याच्या जागी टॉवेल असता तर एव्हाना पायपुसणं झालं असतं.

फरक एवढाच, की तुम्ही आंबोलीला गेलात आणि हा शेजारच्या कोळ्यांच्या गावात, तारोडीला गेलाय. हसू नका, मला हसू येतंय ते पुरे. घरदार सोडून, मोहमाया तोडून माणूस भाईंदर स्टेशनवरून महापालिकेच्या बसने गेला. वाटेत मुर्धा गाव आलं, राई आली, तरी ह्याचा गृहत्याग चालूच. आणि उद्या सोमवारी तिथूनच ऑफिसला जाणार आहे म्हणे, कारण रजा शिल्लक नाही.

एडविन म्हणून त्याच्या ऑफिसात एक जण आहे, मूळ तारोडीचा. त्याच्या आईच्या घरातली वरची खोली याने घेतलीय, समोर समुद्र. हे मला कळलं ते त्या माउलीने, ॲग्नेसबाईंनी, फोन केला म्हणून. म्हणाल्या, "तुमचा पोरगा आलाय माझ्याकडं. बायकोला ईचारून आलाय का न्हाय? मला त्याच्या तोंडावरून वाटत न्हाय." मी म्हटलं, नाही. तर म्हणाल्या, "मंग मी त्याला जेवाय घालीन, पन चांगला बोलनार न्हाय." बाई मला आवडली.

इशिताने चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवली, दूधवाल्याचा नंबर आहे तिथे. मग डबा भरून लॅबमध्ये गेली, लोकांचं रक्त तपासायला. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मीही रडले नव्हते, आणि न रडण्याने काय होतं ते मला ठाऊक आहे. घर चालतं, माणूस आतून बंद होतो.

फोन केला नाहीत ना त्याला? मला वाटलंच. आता तरी करा, किंवा लिहा, किंवा या. एकच गोष्ट त्याला खरी सांगा. सहा वर्षांत तुम्हाला तुमचा रंग सापडला का? सापडला असेल तर सापडला म्हणून सांगा, मी मधे येणार नाही. नसेल तर तसं सांगा.

नीरजची आई

१८ फेब्रुवारी

नीरजच्या बाबांना,

तुमचं पत्र पोहोचलं. "त्याला त्याची वाट चालू दे, सुगंधा." बस, एवढंच. मध्यंतरानंतर नदीकाठी एक दाढीवाला साधू येतो, तो हे म्हणतो. मी आता सिनेमा पाहिलाय, विसरू नका.

त्या वाक्याखाली एक ओळ लिहून खोडलीत. मी ती खिडकीत उजेडासमोर धरली, तरी लागली नाही. वर्गात कुणी रबर मागितला की तुम्हीच ओरडायचात ना, "खोडायचं नाही, चुकलेली रेघ पण दिसू दे" म्हणून?

भाजी लागतेय खाली. ठेवते.

नी. आई

२५ फेब्रुवारी

नीरजच्या बाबांना,

आज बसूनच लिहिते, कारण सांगण्यासारखं खूप झालंय.

बी विंगमधल्या हंसाबेन आठवतात? संध्याकाळी गजरा माळून खाली बाकावर बसतात त्या. त्यांच्या भाच्याच्या गाडीवरून तुम्ही एकदा त्यांना पार्किंगमध्ये फाडफाड बोलला होतात. गेल्या आठवड्यात त्या मला लिफ्टपाशी गाठून म्हणाल्या, "सुगंधाबेन, पिक्चर बघताना तुम्ही माझ्यावर लय चिडल्या होत्या ना? मी मागेच बसली होती."

मला आधी कळेना. मग कळलं. ती दिवा घेऊन येणारी, ताट घेऊन येणारी, झोपलेली बायको म्हणजे हंसाबेन! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. ज्या सिनेमाची तुम्ही जन्मभर पूजा केलीत, त्यातली बाई समोरच्या गॅलरीत चादरी वाळत घालत होती.

मी त्यांना शनिवारी चहाला बोलावलं. इशिताही घरी होती. मी सरळच विचारलं, "हंसाबेन, नवरा दार उघडून जातो, कडीचा आवाज होतो, आणि तुम्ही जाग्या होत नाही? कुठली बाई इतकी गाढ झोपते?"

हंसाबेन कप खाली ठेवून म्हणाल्या, "मी उठली होती ना! तोच तर माझा सीन होता. तो दारात जातो, मी उठते, आणि बोलते, 'मी येऊ?' बस, दोनच शब्द. पण असे बोलली होती मी, की लाइटवाला वर शिडीवर रडत होता."

"मग?" इशिता म्हणाली.

"मग काय? तो हिरो माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याला पुढे डायलॉगच नव्हता. कोणी लिहिलाच नव्हता. डायरेक्टरने दोन-तीन वेळा घेतला, प्रत्येक वेळी तो नुसता उभा. ये बोलला तर पिक्चर संपतो, नको बोलला तर व्हिलन होतो. शेवटी डायरेक्टर बोलले, हंसा, असं केलं तर पब्लिक त्याच्या बाजूने नाय राहणार. तू एक काम कर, तू झोपून रहा."

"आणि खऱ्या चित्रकाराच्या घरी काय झालं होतं?" मी विचारलं.

"ते मला काय माहीत? मी तर झोपलेली."

आम्ही तिघी इतक्या हसलो की खालच्या मजल्यावरच्यांनी येऊन बेल वाजवली. पण हसता हसता माझं लक्ष इशिताकडे गेलं. ती हसून झाल्यावरही कपाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी उठले तर ही बाई आंघोळ करून तयार, बॅग भरलेली. वाटलं, माहेरी चालली. माझ्या मनात होतं नव्हतं ते सगळं वाईट मी त्या एका मिनिटात पाहून घेतलं. ती म्हणाली, "आई, मी तारोडीला जातेय. तुम्ही येता?" आणि खाली रिक्षात हंसाबेन आधीच बसलेल्या, गजरा माळून!

तारोडीला पोहोचलो तर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. वास असा, की रिक्षावाल्याने "इधर छोड दूँ क्या?" म्हणून अलीकडेच थांबवलं. ॲग्नेसबाई अंगणात सुकट पसरत होत्या. इशिताकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तूच काय गो? ये, वर हाय तो. दर्या काढतोय."

तुमचा मुलगा खरंच दर्या काढत होता. चित्र वाईट नव्हतं, तुम्हाला कळेल म्हणून सांगते, पाण्यावरचा उजेड त्याला साधलाय. पण समोर एवढ्या होड्या, बांबू, बोंबील, टोपल्या घेऊन चाललेल्या बायका, आणि चित्रात नुसतं निळं पाणी आणि त्यापुढे पाठमोरा एक पुरुष. ॲग्नेसबाई मागून म्हणाल्या, "मी रोज सांगते याला, दर्या काढलास, होरी काढली न्हायस. मंग हा मानूस खातो काय?"

नीरजने आम्हाला पाहिलं आणि ब्रश हातातच राहिला. मला वाटलं, इशिता आता बोलेल. सासू म्हणून नाही, बाई म्हणून माझी इच्छा होती की तिने चांगलं झाडावं. तिने बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "नीरज, मी येऊ?"

तो उभा. नुसता उभा. मी हंसाबेनकडे पाहिलं, तर त्यांनी पदर तोंडात धरलेला. सहा वर्षं माझ्या छातीवर जे ओझं आहे ते सगळं मला त्या खोलीत उभं राहिलेलं दिसलं. हा नको म्हणाला तर संपलं, आणि काहीच म्हणाला नाही तर त्याहून संपलं.

शेवटी म्हणाला, "इथे वास येतो. तुला जमायचं नाही."

"वासाचं मी बघते. मी दिवसभर लॅबमध्ये काय काय हुंगते ते तुला ठाऊक नाही. मी येऊ का ते विचारलं."

"मला वाटलं, तू नाही म्हणशील."

"मग विचारायचंस! मी नाही म्हटलं असतं, तर मग ठेवायचीस चिठ्ठी. आधी कशाला ठेवलीस?"

खालून ॲग्नेसबाईंचा आवाज, "काय ता हो न्हायतर न्हाय बोल रं! मला भात टाकायचाय, किती मानसांचा टाकू?"

आणि तुमचा मुलगा रडला. तीस ओलांडलेला बाप्या, हाताला निळा रंग, तोच हात डोळ्याला लावला आणि सगळं तोंड निळं करून घेतलं. म्हणाला, "ये. प्लीज ये."

भात सगळ्यांचा टाकला गेला. हंसाबेननी बोंबील खाल्ले नाहीत, पण दोनदा सोलकढी घेतली.

येताना रिक्षात आम्ही दोघीच. राई मागे पडली. तेव्हा हंसाबेन डोळे पुसत म्हणाल्या, "त्या पोरीने माझ्यापेक्षा चांगला केला, हां." मी त्यांचा हात धरला.

नीरजची आई

७ मार्च

नीरजच्या बाबांना,

दोघं तारोडीलाच आहेत. इशिता सकाळच्या बसने लॅबला येते, तो ऑफिसला जातो, रविवारी तो चित्रं काढतो आणि ती ॲग्नेसबाईंबरोबर चर्चच्या मागच्या वाडीत भाजी खुडते. गेल्या रविवारच्या चित्रात होडी आलीय म्हणे. वाकडी आहे, पण आहे. किती दिवस राहतील, ठाऊक नाही. कंटाळले की येतील, बस आहेच. मला त्यांची काळजी उरलेली नाही, हे लिहिताना हात हलका झाला.

आणि तुमचं दुसरं पत्र आलं.

दाराशी उभ्या उभ्याच वाचलं. "रंग सापडला नाही. इथला डोंगर दर तासाला निराळा दिसतो. पण शेजारी कुणी नसलं की मी खरंच तसा पाहिला का, तेच कळत नाही." मग मी आत येऊन बसले आणि पुन्हा वाचलं. आपल्या सगळ्या संसारात तुम्ही मला सांगितलेलं हे पहिलं वाक्य, जे त्या सिनेमात नाही.

खरं ऐकवलंत, तर खरं ऐका. त्या पहाटे मी जागी होते.

तुम्ही दिवा न लावता चाचपडत पेटी बांधलीत. ब्रशचा डबा पडला, तुम्ही श्वास धरून उभे राहिलात. मीही धरला. चिठ्ठी ठेवलीत तेव्हा तुमचा हात माझ्या केसांजवळ आला होता. मग दारात बराच वेळ उभे होतात. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि मनात म्हणत होते, एकदा हाक मारा. "सुगंधा" म्हणा, नुसतं. मी उठणार होते. कुठली पातळं घ्यायची तेसुद्धा ठरवून झालं होतं, हिरवं नको, ते प्रवासात मळेल. तुम्ही कडी काढलीत. मग गेट वाजलं.

मी का बोलले नाही, असं विचारू नका. निघणारे तुम्ही होतात, विचारायचं तुम्ही. ते मी आजही म्हणेन. पण तेवढ्या एका गोष्टीवर सहा वर्षं बसून राहिले आणि उरलेलं आयुष्यही बसून काढायचं, हे आता मला जमत नाही. मला राग येऊन येऊन कंटाळा आलाय. आणि तुमची आठवण येते. हे सरळ लिहायला मला पाच पत्रं लागली.

"मी येऊ?" असं लिहिलं होतं या जागी. तो कागद फाडला. विचारणं इशिताच्या वयाला शोभलं, तिला उत्तराची वाट बघायला पुढे वर्षं पडलीत. मी विचारत नाही, कळवतेय. धुळवड झाली की निघतेय. नीरजने गाडीचं तिकीट काढलंय, सावंतवाडीपर्यंत. राहायला येतेय की नुसती बघायला, ते तिथे आल्यावर ठरवीन, आणि ठरवताना तुम्हाला विचारीन. तुमचा डोंगर बघीन. चित्र वाईट असेल तर तोंडावर सांगीन, आणि डोंगर निराळा दिसला तर तेही सांगीन.

हंसाबेन म्हणतात, परत येताना त्यांच्याकडून एक झोपलेल्या बाईचं चित्र काढून आणा. मी म्हटलं, तेवढं सोडून काहीही.

गाडी सावंतवाडीला पहाटे पोहोचते, उजाडलेलंही नसेल. तुमची नजर आता पहिल्यासारखी नाही आणि मला डबे ओळखता येत नाहीत, तेव्हा शोधत फिरू नका. प्लॅटफॉर्मवर उभे रहा आणि नाव घेऊन मोठ्याने हाक मारा. लोक बघतील, बघू देत.

मी जागीच असेन.

सुगंधा